सकाळ-संध्याकाळची उपकारस्तुती

दावीद राजा म्हातारा झाला तेव्हा त्याने लेव्यांची शिरगणती केली. तिशीच्या पुढचे ३८ हजार पुरुष भरले. मंदिराच्या कामावर देखरेख कोणी ठेवायची, न्यायनिवाडा कोणी करायचा, दारं कोणी राखायची हे त्याने वाटून दिलं आणि ४ हजार जणांवर वाद्यांच्या साथीने देवाची स्तुती करण्याचं काम सोपवलं. पहिल्या इतिहासाच्या २३व्या अध्यायात हा सगळा हिशेब आहे. अध्यायाच्या शेवटाकडे लेव्यांच्या रोजच्या कामांची यादी येते. समर्पित भाकरी, सपीठ, तव्यावर भाजायच्या पोळ्या, मापं तपासणं. आणि त्याच ओघात, रोज सकाळी व तसंच संध्याकाळी उभं राहून परमेश्वराचे उपकार मानणं.

पीठ मापून देण्याच्या कामाशेजारी उपकारस्तुती लिहिलेली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती नेमून दिलेली सेवा होती. त्या दिवशी लेव्याचं मन प्रसन्न होतं की घरी कोणी तापाने फणफणलं होतं, हे कोणी विचारत नव्हतं. वेळ झाली की तो उभा राहायचा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेम पुन्हा वसवलं, तेव्हा नहेम्याच्या काळातही दावीदाच्या आज्ञेप्रमाणे गट समोरासमोर उभे करून ही सेवा चालू होती. मधल्या काळात सगळं काही मोडलं होतं, तरी ही नेमणूक विसरली गेली नव्हती.

आपल्यापैकी अनेकांची समजूत याच्या उलट असते. मन भरून आलं की आपोआप आभार मानले जातील, ओढूनताणून मानलेले आभार खोटे, असं आपण धरून चालतो. ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून ती झटकून टाकू नये. पण आईने रोज सकाळी डबा भरून दिला तो काही दररोज उचंबळून आलेल्या प्रेमाने नव्हे. तरी तो डबा प्रेमाचाच होता. प्रभू येशूने भाकर हाती घेऊन उपकार मानले ती रात्र त्याला धरून देण्यात आलं ती रात्र होती. वल्हांडणाचं भोजन होतं, त्या भोजनात उपकार मानायचे असतात, आणि त्याने ते मानले. काय होणार आहे हे ठाऊक असताना मानले.

तेव्हा सवय लावायची ती भावनेची नाही, वेळेची. भावना मागून येईल, किंवा एखाद्या दिवशी येणारही नाही. वेळ मात्र आपल्या हातात आहे.

वेळ ठरवताना नवी घटका शोधू नका. पहाटे पाचला उठून अर्धा तास कृतज्ञतेसाठी बसेन, असे संकल्प पहिल्या आठवड्यातच ढासळतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला होता. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने रोज ठरलेल्या एखाद्या प्रसंगाला, म्हणजे न्याहारी झाल्यावर वगैरे, एक छोटी कृती जोडायची होती. ती कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणून महिनाभराने जमलं नाही तर आपण नालायक आहोत असं ठरवायचं कारण नाही. आणि कृती जोडायची ती आधीपासून घडणाऱ्या गोष्टीला. चहाचं आधण ठेवलं की ते उकळेपर्यंत, मोबाइल हातात घ्यायच्या आधी, एक उपकार मोठ्याने बोलायचा. एकच. मनातल्या मनात नको, कारण मनातलं बोलणं अर्ध्यावर दुसऱ्याच कामाकडे वळतं. लोकलने जाणाऱ्याने ठरावीक स्टेशन धरावं, शेतावर जाणाऱ्याने बांध.

दानिएलाचं असंच होतं. राजाखेरीज कोणाकडेही काही मागायचं नाही असं फर्मान निघालं, न मानणाऱ्याला सिंहांच्या गुहेत टाकायचं ठरलं, हे कळल्यावर तो घरी गेला. माडीवरच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमकडे उघड्या होत्या. तिथे तो आधीपासून जसा दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे तसाच टेकला आणि त्याने देवाचे उपकार मानले. संकट आलं म्हणून सुरू केलेली ती प्रार्थना नव्हती. घडी आधीच बसलेली होती आणि संकटात तिनेच त्याला सावरलं.

दुसरी वेळ जेवणाची. आपल्या घरांत ती प्रार्थना असतेच, पण ती पाठ झालेली असते, आणि भाजी निवते म्हणून भरभर उरकली जाते. पाठ प्रार्थनेला मी नावं ठेवणार नाही. तिनेच पिढ्यान् पिढ्या आपली ताटं देवापुढे ठेवली. तिच्या शेवटी फक्त एक वाक्य जोडा, आजच्या ताटातल्या एका पदार्थाबद्दल आणि तो करणाऱ्या माणसाबद्दल. ज्या बाईने सकाळपासून ओट्याशी उभं राहून स्वयंपाक केला तिचं नाव प्रार्थनेत घ्या आणि आमेन म्हटल्यावर तिच्याकडे बघूनही सांगा. देवाचे आभार मानून झाले म्हणजे तिचे मानायची गरज उरली नाही, अशी एक सवलत पुरुषांनी घेतलेली असते. ती सोडावी.

आणि जेवणानंतरही. अनुवादाच्या ८व्या अध्यायात मोशे इस्राएलाला सांगतो की पोटभर जेवलात की परमेश्वराला धन्यवाद द्या आणि विसरू नका. पोट भरलं, चांगली घरं बांधली, गुरंढोरं वाढली की मन चढून जाईल आणि हे सगळं माझ्याच बळावर मिळालं असं वाटू लागेल, ही भीती तो तिथेच बोलून दाखवतो. यहुदी घरांत जेवणानंतरची लांब प्रार्थना या वचनावरच उभी आहे. भुकेच्या वेळी देव आपसूक आठवतो, तृप्तीच्या वेळी त्याची आठवण मुद्दाम करावी लागते. हात धुवायला उठण्याआधी एक क्षण थांबून पाहा; आठवड्यात फरक जाणवेल.

तिसरी वेळ रात्रीची, आणि इथे वही लागते. इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात दिवसाच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. पहिली पायरी पापांची नाही. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानणं ही पहिली, मग प्रकाश मागणं, मग दिवसाचा हिशेब, मग क्षमा, मग सुधारणेचा निश्चय. आमच्या प्रोटेस्टंट घरांत ही पद्धत फारशी कोणी शिकवत नाही, पण तो क्रम घेण्यासारखा आहे. झोपण्यापूर्वी आधी आपल्या चुका उगाळणारा माणूस उपकारांपर्यंत पोचतच नाही.

वहीत काय लिहायचं? ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ हे नको. तिसऱ्या दिवशी तेच शब्द येतात, दहाव्या दिवशी वही बंद होते. घडलेली गोष्ट लिहा. नळाला आज पूर्ण दाबाने पाणी आलं. रिक्षावाल्याकडे सुट्टे नव्हते, त्याने ‘राहू द्या’ म्हटलं. डायलिसिसच्या वॉर्डात सिस्टरने न सांगता बाबांची उशी सरळ केली. धाकटीने स्वतःहून भांडी विसळली. तारीख, एक ओळ, आणि जिथे माणूस असेल तिथे त्याचं नाव. नाव माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी विचारून घ्या. या विचारण्यातूनच पुष्कळ काही सुरू होतं.

अशा लिहिण्याने मनाला उभारी येते, हे अभ्यासकांनीही पाहिलं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलॉ यांचा २००३चा अभ्यास त्यासाठी सर्वत्र सांगितला जातो. ते चांगलंच आहे. पण ख्रिस्ती माणसाच्या वहीला वाचणारा आहे. ती आपलं मन हलकं करण्याची युक्ती म्हणून लिहिली तर मन हलकं झाल्यावर तिची गरज संपेल. देणाऱ्याला सांगण्यासाठी लिहिली तर ती संपत नाही. म्हणून ओळ लिहून झाली की ती वाचून दाखवा, त्याला.

स्तोत्र १३६ हा या बारीक लिहिण्याचा उत्तम धडा आहे. २६ वचनं, आणि प्रत्येक वचनामागे एकच पालुपद. स्तोत्रकर्ता आकाश, पाणी, सूर्य, चंद्र यांपासून सुरुवात करतो, मिसरातून सुटका, तांबडा समुद्र, रान असं करत थेट अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानचा राजा ओग यांची नावं घेतो, आणि शेवटी सर्व प्राण्यांना अन्न मिळतं तिथे येतो. कुटुंबोपासनेत एका रविवारी आपलं स्वतःचं १३६वं स्तोत्र बनवा. एकाने घरात घडलेली एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी स्तोत्रातलं पालुपद म्हणायचं, मग दुसऱ्याने. मराठी ख्रिस्ती घरांकडे सांगायला किती आहे! अहमदनगर-जालन्याकडच्या कुटुंबांत दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेली पणजी असते, बोर्डिंगात राहून शिकलेली आत्या असते, मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकून अख्ख्या घराला वर काढणारी मावशी असते. वसईच्या घरांत वाडी असते, विहीर असते, लग्नात गायली जाणारी आजीची गाणी असतात. या इतिहासात कडूही पुष्कळ आहे, बहिष्कार, तुटलेली नाती, जातीवरून खाल्लेले टोमणे. तेही सांगा. अनुवादाच्या २६व्या अध्यायात प्रथमफळाची टोपली घेऊन आलेला शेतकरी जो पाठ म्हणतो त्यात भटका पूर्वज आहे, मिसरातली वेठबिगारी आहे, आणि देवाने ऐकलेला आक्रोशही आहे.

ती टोपली आपल्या चर्चच्या वर्षातही आहे. मुंबई-वसईकडचे ईस्ट इंडियन कॅथलिक ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण साजरा करतात. गोव्यात कणसांचं फेस्त ऑगस्टमध्ये सुरू होतं, राय गावात ५ ऑगस्टला. नवी कणसं आशीर्वादित होऊन घरोघर जातात. गावाकडच्या मंडळ्यांत कापणीच्या सणाला भोपळे, ज्वारी, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या माणसाचं कणीस कोणतं? माझं मत असं की पगार खात्यात जमा झाल्याचा मेसेज येतो तो दिवस आपला प्रथमफळाचा दिवस धरावा. कर्जाचा हप्ता कापला जाण्याआधी एक वाटा बाजूला काढावा आणि त्या रात्री घरात सगळ्यांनी मिळून उपकार मानावेत. मोशेने तर त्या टोपलीच्या आनंदात लेवी आणि परका या दोघांनाही सामील करून घ्यायला सांगितलं आहे, म्हणून त्या दिवशी ताटावर आणखी कोणी असेल तर उत्तम.

आता एक धोक्याची गोष्ट, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती धार्मिक माणसालाच घडते. लूकच्या १८व्या अध्यायातला परूशी मंदिरात उभा राहून प्रार्थना करतो, त्या प्रार्थनेची सुरुवातच उपकार मानण्याने होते. मी इतर माणसांसारखा नाही, या जकातदारासारखा नाही, म्हणून, हे देवा, तुझे उपकार. म्हणजे उपकारस्तुतीच्या वाटेनेही गर्व आत शिरू शकतो. आणि तो आपल्या घरात अगदी साध्या वेशात येतो. ताटात भात टाकणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, “बघ, रस्त्यावरच्या मुलांना एवढंही मिळत नाही, देवाचे आभार मान.” शेजारच्या घरी आजारपण आलं की आपण आपल्या निरोगी मुलांबद्दल आभार मानतो. दुसऱ्याच्या कमीवर उभी राहिलेली ही कृतज्ञता मुलांना दया शिकवत नाही. आपण वरच्या पायरीवर आहोत एवढंच शिकवते. रस्त्यावरच्या मुलाचा उल्लेख करायचाच असेल तर त्याला काय देता येईल, हे त्याच वाक्यात यायला हवं.

प्रार्थनासभांतल्या साक्षींकडेही याच नजरेने पाहावं. व्हिसा मिळाला, प्रमोशन झालं, फ्लॅटचा ताबा मिळाला, मुलाला परदेशात प्रवेश मिळाला, अशा साक्षी एकामागून एक होतात. खोलीत ज्याची नोकरी गेली आहे, ज्या बहिणीला मूल नाही, ज्याच्या मुलाचं कॉलेज सुटलं आहे, ती माणसं मान खाली घालून बसलेली असतात. सभा चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: साक्षीसाठी वेळ द्याल तेव्हा ‘काय मिळालं’ एवढंच विचारू नका. ‘या आठवड्यात कोण मदतीला आलं’ हेही विचारा. त्या प्रश्नाला नोकरी गेलेल्या माणसाकडेही उत्तर असतं, आणि ते उत्तर त्या खोलीतल्याच कोणाबद्दल असण्याची शक्यता जास्त.

दुःखाच्या घरी तर फार जपावं. मयताच्या घरी जाऊन “प्रभूचे आभार मान, त्याची इच्छा होती” असं सांगणारे आपल्यात असतात, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण तसं बोलू नये. पौलाने थेस्सलनीकाकरांना प्रत्येक परिस्थितीत उपकार मानायला सांगितलं, ते प्रत्येक घटनेबद्दल आभार मानायचं फर्मान म्हणून आई गमावलेल्या मुलीसमोर वाचायचं नसतं. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसून होते, तोवर ते बरोबर होते. बोलायला लागले तिथे चुकले. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरी ते स्तोत्रसंहितेतून कोणी काढून टाकलं नाही. आणि एज्राच्या तिसऱ्या अध्यायात मंदिराचा नवा पाया घातला जातो तेव्हा याजक तुताऱ्या वाजवतात, लोक उपकारस्तुती गातात, आणि ज्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं ते म्हातारे हुंदके देऊन रडतात. आनंदाचा घोष कोणता आणि रडण्याचा आवाज कोणता, हे ओळखू येत नव्हतं. कोणी त्या म्हाताऱ्यांना गप्प केलं नाही. नवऱ्याच्या पहिल्या स्मरणदिनाच्या उपासनेत विधवा बाई रडते आणि उपकारही मानते, तेव्हा दोन्ही खरं असतं.

जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचे पाळक मार्टिन रिंकार्ट तीस वर्षांच्या युद्धात हेच जगले. १६३७ मध्ये गावात प्लेग आला, हजारो माणसं गेली. प्रेतक्रियेच्या उपासना त्यांनाच चालवाव्या लागत होत्या. त्या वर्षी त्यांची पत्नीही गेली. देवाचे उपकार माना अशी हाक देणारं जे जर्मन गीत आज जगभरच्या चर्चमध्ये गायलं जातं ते याच पाळकांचं, याच युद्धाच्या काळातलं. त्यांनी ते इतरांच्या दुःखावर उतारा म्हणून लांबून लिहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. कृतज्ञतेच्या नावाखाली अन्याय सोसायला सांगू नका. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याबद्दल ‘निदान घर तरी आहे’ असे आभार मानायला बायकोला शिकवणं हा सुवार्तेचा भाग नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्यासमोर आहे. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, त्या स्वतः उपाशी फिरल्या. देवाने आपल्याला वाचवलं याबद्दल त्यांचं मन भरलेलं होतं, पण विधवांच्या हालांबद्दल त्यांनी १८८७च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात जगाला सांगितलंच. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या विधवांना, मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठीच केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. ज्याला आपण काय भोगून वाचलो हे आठवतं, त्याचे पाय दुसऱ्याकडे असे वळतात.

लेवीयच्या ७व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा एक नियम आहे. त्याचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काहीही उरू द्यायचं नाही. एवढं एका घराला संपणार कसं? शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. आपल्या वहीलाही हा नियम लावावा. आज ज्याचं नाव लिहिलं त्याला जमलं तर आजच कळवावं. फोन, दोन ओळींचा मेसेज, भेट, काहीही. पौलाने रोमकरांच्या पत्राचा शेवटचा जवळजवळ अख्खा अध्याय नावांसाठी दिला आहे. वीसहून अधिक माणसं त्यात आहेत. तो लिहितो: फीबीने पुष्कळांना आणि मलाही मदत केली, प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला, रूफाची आई मलाही आईसारखी झाली. मंडळीत अशी माणसं आजही आहेत, पण त्यांचं नाव घेतलं जात नाही. घंटा देणारे आणि सतरंज्या अंथरणारे मामा, पावसाळ्यातही शब्बाथ शाळेला न चुकणारी ताई, गाण्यांना साथ करणारा तबलजी, हिशेब लिहिणारे काका. आठवड्याला एकाचं नाव घेतलं तरी वर्षात मंडळीचं वातावरण बदलेल.

लहान मुलांवर सक्ती करू नका. ‘थँक्यू म्हण’ असं चारचौघांत दटावलं की मूल शब्द शिकतं आणि शरमही शिकतं. रात्री अंथरुणात त्याला विचारा, आज तुला कोणी मदत केली? शाळेतल्या मावशी, बसमधला दादा, डब्यातली पोळी वाटून देणारी मैत्रीण, ते सांगेल. त्याच वाक्याची प्रार्थना करा, तुमच्या शब्दांत न फिरवता.

आणि दिवस चुकतील. आजारपण येईल, लग्नाचं घर असेल, नाइट शिफ्ट असेल, नुसता कंटाळाही येईल. लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडला नव्हता. वहीची पानं दहा दिवस कोरी राहिली तर मागचं आठवून भरत बसू नका. आजची तारीख घाला आणि आजची ओळ लिहा. ज्या दिवशी लिहिण्यासारखं खरोखर काहीच सापडत नाही, त्या दिवशी आधीच्या महिन्यातलं एक पान मोठ्याने वाचा, तेवढी त्या दिवसाची सेवा झाली.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला निघण्याआधी घरात सगळ्यांनी बसून वही चाळावी. ज्यांची नावं त्यात सापडतील आणि ज्यांना अजून कळवलेलं नाही, त्यांची यादी वेगळ्या कागदावर उतरवून घ्या आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना फोन करा.